सातवी ‘ब’ची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. शाळा सुटताना बडवतात ती मी नव्हे. मी लहान, लाकडी दांड्याची. १९९८ साली सातिवलीच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि मनोरमाबाईंनी मला वसईच्या एका शाळेत आणले.

मनोरमाबाई संशोधन करत होत्या. कुणाचा छळ होताना पाहणारे मूल बोलायला कधी उठते, हा त्यांचा प्रश्न. एका संस्थेने त्यासाठी अनुदान दिले होते. मी त्या पैशांतूनच घेतलेली. मला वर्गशिक्षक कॉन्रॅड सरांच्या टेबलावर ठेवून त्या सातवी ‘ब’च्या मुलांना म्हणाल्या, “अन्याय दिसला की ही वाजवायची. शिकवणे थांबेल. मग काय पाहिले, तेवढेच सांगायचे.”

पावसाळा गेला, नाताळ झाला. मला कुणी हात लावला नाही. माझ्यावर फक्त खडूची धूळ बसली.

त्याच वर्गातली पॉलिन पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. तिची आई धक्क्यावर मासळीचा लिलाव करी. पॉलिन वर्गात शिरली की संग्राम नाक दाबून ओरडे, “खिडक्या उघडा रे, बोंबील आले!” वर्ग हसे. तिच्या शेजारची ऋतिकाही हसे आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राही.

जानेवारीत मनोरमाबाई कॉन्रॅड सरांना म्हणाल्या, “घंटा वाजलीच नाही, तर पुढचे अनुदान मिळणे कठीण आहे.”

“मग मीच वाजवू का एकदा?” सर हसले.

“नको, सर. न वाजणे हेही उत्तरच आहे. ते खोटे करायचे नाही.”

एका शुक्रवारी पॉलिन ऋतिकाला हळूच म्हणाली, “सोमवारपासून मी नाय येनार. आईसंगं लिलावाला बसेन. तिथं कोनी नाक धरत नाय.”

मधल्या सुट्टीनंतर सर फळ्याकडे वळताच संग्रामने तिच्या पाठीवर कागदाचा मासा चिकटवला. खसखस पिकली. ऋतिका उठली, टेबलापाशी आली आणि तिने मला दोन्ही हातांनी गच्च धरून हलवले.

ठक्क. एवढाच आवाज.

“घंटेला सर्दी झाली!” संग्राम ओरडला.

पितळेला अंगभर आवळले की त्याचा कंप थांबतो. मी तरी काय करणार? ऋतिका मला खाली ठेवणार, एवढ्यात पॉलिन पुढे आली. मासा तिच्या पाठीवर तसाच होता.

“अशी नाय वाजत गं. आई लिलाव सुरू करताना वाजवते, मी बघते ना. दांड्याला धर.”

मी वाजले. शेजारच्या वर्गापर्यंत वाजले.

“संग्राम रोज तिला बोंबील म्हणतो,” ऋतिका म्हणाली. “आम्ही सगळे हसतो. मी पण.”

सरांनी खडू खाली ठेवला. “संग्राम, तो मासा काढ.” त्याने काढला. त्याचे कान लाल झाले होते.

सोमवारी पॉलिन आली. खिडकीकडे कुणी गेले नाही.

पुढे काही वर्षे अनुदान मिळाले, मग ते संशोधन संपले. आता मी प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. सामान हलवताना वाजू नये म्हणून कुणीतरी माझ्या लोलकाला चिंधी बांधली आहे. मित्रांनो, मला चकचकीत करू नका, हवे तर धूळही राहू द्या. फक्त ती चिंधी सोडा आणि मला वर्गात, हात पोहोचेल अशा जागी ठेवा. दांडा अजून मजबूत आहे.