मंगळवार पेठेतला नसलेला नळ

मित्रांनो, या शहराच्या लोकशाहीचे आधारस्तंभ मोजायचे झाले तर माझा नंबर बराच वर लागेल. हे मी अभिमानाने सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. दुसरी वस्तुस्थिती अशी की माझी उंची कमरेएवढी आहे, पेठेतली कुत्री माझ्यापाशी एक पाय वर करून जातात, आणि मी एक जुना सार्वजनिक नळ आहे.

'आहे' हा शब्दसुद्धा मी जपूनच वापरतो. कारण कागदोपत्री मी नाही. आणि मला नाहीसं करणारे माझे शत्रू नव्हते. ते माझंच पाणी पीत होते.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत झाला. शेजारच्या साच्यांत ऑइल इंजिनांचे भाग ओतले जात. ते पुढे नदीकाठी गेले, उसाला पाणी पाजू लागले. खंडेनवमीला त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार पडू लागले. माझ्या वाट्याला मंगळवार पेठ आली. त्रेसष्ट-चौसष्ट सालचा सुमार असेल. कचेरीची माणसं आली, त्यांनी खड्डा काढला, खांब रोवला, खांबाला पितळी तोटी बसवली. कचेरीचं नाव मी घेत नाही. नळाने कचेरीशी वैर धरून चालत नाही. एका प्रतिष्ठित गृहस्थांनी तोटी फिरवून पहिली ओंजळ प्यायली आणि फोटो निघाला. फोटोत गृहस्थ आले, ओंजळ आली. मी आलो नाही.

माझ्याभोवती दर शुक्रवारी शेतकऱ्यांचा बाजार भरू लागला. मंगळवार पेठेत शुक्रवारचा बाजार, एवढ्यावरून पुढच्या कारभाराची कल्पना यावी. उचगावापासूनची माणसं पहाटे पाट्या डोक्यावर घेऊन निघत आणि स्वतः पिकवलेला माल स्वतःच विकत. मधे दलाल नाही. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त, गिऱ्हाइकाला दोन पैसे कमी. इतकी सरळ गोष्ट शहरात फार काळ टिकत नसते, पण ही पंधरा-सोळा वर्षं टिकली. त्यात माझाही थोडा हात होता.

तो असा. मित्रांनो, पालेभाजीइतकी अधीर वस्तू जगात दुसरी नाही. सकाळी मेथी नव्या नवरीसारखी दिसते आणि बारा वाजता मान टाकते. पेठेतल्या बायकांचं खरं गिऱ्हाईक मात्र संध्याकाळचं. शाळा-कचेऱ्या सुटल्या की लोक पिशव्या घेऊन यायचे. तोवर भाजी जगवायची तर तासातासाला पाणी मारावं लागतं. ते मी देत होतो. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात दलालाचा माणूस सायकल टेकवून बसलेला असे. मेथीने मान टाकायची आणि याने उठून ती निम्म्या भावात उचलायची, एवढंच त्याचं काम. मी असेपर्यंत तो नुसता चहा पिऊन परत जायचा.

उचगावची धोंडुबाई माझ्या खांबाला पाठ लावून बसायची. तिचा सगळा व्यवहार मेथी, शेपू, कोथिंबीर यांचा. रानात विहीर होती, पण शहरात विहीर डोक्यावरून आणता येत नाही. तिच्या घरावरची कौलं, धाकट्या लेकीची शाळा, सगळं त्या संध्याकाळच्या गिऱ्हाइकावर चाललेलं. सांजच्याला पाटी रिकामी झाली की ती माझ्या डोक्यावर हात रेटून उठायची आणि म्हणायची, "चल गा बाबा, येतो मी." उभ्या आयुष्यात मला लाभलेला सन्मान तो एवढाच.

आता सेवाशुल्काकडे येऊ. झाडलोट, दिवाबत्ती आणि पाणी या तीन सेवांबद्दल कचेरी दर बसणाऱ्याकडून शुल्क घेई. झाडणारा गुरुवारी यायचा. गुरुवारी बाजार नसल्यामुळे त्याला झाडणं सोपं जाई. दिव्याचा खांब होता, वर टोपी होती, टोपीत बल्ब नव्हता. राहता राहिलं पाणी. शुल्क तसं चिल्लर होतं, पण पावती फाडणारा पावतीबरोबर मेथीची एक पेंडीही उचलायचा, आणि ती उचलताना "ही बारीक दिसते गं" असंही म्हणायचा. माणसाला पैशापेक्षा असली वाक्यंच जास्त लागतात.

एकोणऐंशी साली हे दुखणं यज्ञेश्वर मास्तरांनी हातात घेतलं. मास्तर म्हणजे पेठेतले निवृत्त हेडमास्तर. ते दर शुक्रवारी संध्याकाळी पिशवी घेऊन येत, देशाच्या परिस्थितीवर बोलत आणि पिशवी तशीच रिकामी घेऊन जात. मनाने चांगले. वाक्यांवर जीव फार. त्यांनी शुल्कमाफीचा अर्ज लिहिला आणि माझ्याच समोर उभं राहून बाजाराला वाचून दाखवला.

पहिला मसुदा उत्तम होता. हा बाजार शहराला ताजी भाजी स्वस्तात देतो, तो टिकला तर शहराचंच भलं आहे, तेव्हा शहराने शुल्क सोडावं आणि सेवा चालू ठेवावी, असा सरळ मजकूर. मला पटला. बाजाराला पटला नाही.

"मास्तर, ह्ये भीक मागितल्यागत वाटतंय," पिराजी म्हणाला. पिराजी उचगावचाच, गाजर-वांगीवाला. जवानी तालमीत गेलेली. त्यामुळे समोर कुणीही आला तरी तो आधी त्याची मान कशी धरता येईल ते बघायचा. "सरळ ठोका की. सेवाच न्हाय, तर पैसं कशाचं?"

मास्तरांचे डोळे चमकले. त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिल काढली आणि खड्या आवाजात म्हणाले, "झाडू नाही, दिवा नाही, पाणी नाही!"

बाजाराने टाळ्या वाजवल्या. धोंडुबाईनेही वाजवल्या. मग ती थांबली.

"आवं मास्तर, पाणी हाय की. ह्यो काय नळ, मी टेकून बसलोय."

"धोंडुबाई, तीन 'नाही' लागतात," मास्तर समजुतीने म्हणाले. "दोनावर वाक्य लंगडं पडतं."

"पर खोटं लिवायचं?"

"खोटं कसलं? गेल्या शुक्रवारी दुपारी तासभर पाणी नव्हतं ना?"

"व्हतं न्हवतं म्हंजे... तासभर."

"मग झालं."

"लिवा, लिवा!" पिराजी गरजला. "येकदा तोंडातनं गेलं ते गेलं. आता मागं सरायचं न्हाय."

धोंडुबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिला ती उचललेली पेंडी आठवली असावी. "लिवा तर," ती म्हणाली. "त्या मेथीचोराची तरी जिरंल."

अशा रीतीने एका वाक्याची लय सांभाळण्यासाठी माझा बळी गेला. पण एवढ्यावर भागलं असतं तर बरं. अर्ज गेला आणि पाहणी ठरली. म्हणजे साहेब येणार आणि बघणार. आणि मी तर भर बाजारात पितळी तोटी चमकवत उभा!

या घडीला शहाण्या माणसांनी अर्जातली एक ओळ खोडली असती. आमच्या बाजाराने नळ झाकायचं ठरवलं. पोतं धोंडुबाईनेच आणलं. पिराजीने ते माझ्या डोक्यावरून ओढून काथ्याने आवळलं आणि वर लसणाच्या वेण्या लटकवल्या. मला दिसेनासं झालं. पोत्याच्या भोकातून जेवढं दिसलं आणि ऐकू आलं, तेवढं सांगतो.

बाजार निरीक्षक नृसिंहराव आले. सालस माणूस. ऊन मी म्हणत होतं. पाहुण्याला रिकाम्या तोंडी बसवायचं नाही हा आमच्याकडचा शिरस्ता, म्हणून पिराजीने त्यांच्या हातात भडंगाचा पुडा दिला आणि वर एक हिरवी मिरची ठेवली. साहेब दोन घास खातात न खातात तोच त्यांचे कान लाल झाले.

"पाणी," साहेब म्हणाले.

बाजाराने एकदम पोत्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी घाईने माना वळवल्या.

"तेच तर आमचं म्हणणं आहे, साहेब!" मास्तर पुढे सरसावले. "थेंब नाही. या बाजारात आलेल्या माणसाने प्यावं काय?"

साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. माझ्याही तोटीतून, आतला रबरी वायसर जुना असल्यामुळे, टपटप चालूच होतं. साहेब आणि मी यांच्यात हातभर अंतर. धोंडुबाईचा हात आपसूक पोत्याच्या गाठीकडे गेला. कसं झालं तरी तहानलेला माणूस समोर बसला होता. पिराजी खाकरला. हात परत गेला.

"साहेब, गाजर खावा," पिराजी म्हणाला. "गार असतंय."

साहेबांनी गाजर खाल्लं. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "हे ओलं कशानं झालंय?"

"लसूण हाय, साहेब," धोंडुबाई म्हणाली.

"लसणाखाली थारोळं?"

"ओला लसूण हाय. गारगोटीकडचा. तिकडचा लसूण असाच, पाणी सोडतोय."

साहेब पोत्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण नळ आहे असं लिहिलं तर वायसर बदलणं आलं, फिटर धाडणं आलं, पेठेच्या तक्रारी ऐकणं आलं. सगळेच्या सगळे एकमुखाने नाही म्हणत असताना एकट्याने आहे म्हणण्याची उठाठेव पगारी माणूस कशाला करेल? त्यांनी कपाळ पुसलं आणि लिहिलं: पाण्याची सोय आढळली नाही.

महिन्याभरात माफीचा हुकूम आला. शुल्क संपूर्ण माफ! मग कोल्हापुरात जे व्हायचं तेच झालं. सत्कार. नृसिंहरावांना फेटा, मास्तरांना फेटा, पिराजीने स्वतःच स्वतःला बांधलेला फेटा. हलगी वाजली. मास्तरांनी आपलं तीन नाहींचं वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. साहेब येणार म्हणून त्या दिवशी मी पुन्हा पोत्यात होतो.

पुढच्या शुक्रवारी पोतं निघालं, धोंडुबाईने मेथीवर पाणी मारलं आणि सगळं पूर्ववत झालं असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात कचेरीचा फिटर पान्हा घेऊन आला.

"ह्यो नळ कुणाचा?" त्याने विचारलं.

"कुणाचा म्हंजे? सरकारी हाय," धोंडुबाई म्हणाली.

"सरकारी न्हाय. कागदावर हितं नळच न्हाय. चोरून घेतलेला जोड दिसतोय."

"आरं बाबा, पंधरा वरसं झाली की त्येला!"

"मंग पंधरा वरसं चोरी चाललीया म्हणा की, मावशी."

धोंडुबाई माझ्या आडवी बसली. मास्तरांना बोलवायला माणूस गेला. मास्तर आले, सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला, आणि ते म्हणाले, "मी सही केलेल्या अर्जाविरुद्ध मला बोलता यायचं नाही." धोंडुबाई पिराजीकडे वळली. "तू तरी सांग की. नळ हाय म्हण. येवढंच म्हण."

पिराजीने मिशीवरून हात फिरवला. "चारचौघांत न्हाय म्हणलोय. आता हाय म्हणायला तोंड कुठलं आणू, धोंडुबाई?"

"मग माझी मेथी काय तुज्या तोंडाकडं बगून ताजी ऱ्हाईल व्हय रं?"

फिटरने तोटी काढली, भोकाला बूच मारलं, तोटी पिशवीत टाकली. धोंडुबाई तशीच माझ्या खांबाला पाठ लावून बसली. बारा वाजले. मेथीने मान टाकली. कोपऱ्यावरचा माणूस चहाचा कप खाली ठेवून उठला.

ती एकटी कचेरीतही गेली. नृसिंहराव भेटले आणि नीट बोलले. नळ देऊ, म्हणाले, पण सेवा सुरू झाली की शुल्क सुरू होतं, तसा नियम आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून तसा अर्ज करा. ती परत येऊन प्रत्येकाला विचारत फिरली. शुल्क पुन्हा ओढवून घेणारा अर्ज, तोही फेटे बांधून झाल्यावर? एकाचाही अंगठा उठला नाही.

मित्रांनो, माझं मत कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. नळाला आता गमावण्यासारखं काही नाही. शुल्क माफ व्हायलाच हवं होतं. जो बाजार शहराचं पोट भरतो त्याच्याकडून चिल्लर गोळा करणं शहराला शोभत नव्हतं. पण माफीचा अर्थ कचेरीने 'सेवा बंद' असा केला आणि बाजाराने 'आपण जिंकलो' असा केला. मधे उभा असलेला नळ दोघांनाही अडचणीचा झाला. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगणं आहे, म्हणजे हात असते तर जोडले असते: जे आहे ते आहे म्हणा. तोटी गळत असेल तर वायसर बदला. भांडायचं असेल तर जरूर भांडा, पण ज्याचं पाणी पिता त्याच्यावर पोतं घालून भांडू नका.

पालेभाजीवाल्या आधी गेल्या. पालेभाजी नाही म्हणून संध्याकाळचं गिऱ्हाईक गेलं. गिऱ्हाईक नाही म्हणून गाजर-वांगी गेली. धोंडुबाई आता मेथी उचगावातच दलालाला घालते, असं ऐकतो. हल्ली माझ्या बुंध्याला एकजण म्हैस बांधतो.

शेतकरी बाजाराला सेवाशुल्क अजूनही संपूर्ण माफ आहे. बाजार भरत नाही.