दोनदा दिलेला उशीर

माझा दादा विसराळू. म्हणजे एकदाच विसरला, पण आमच्याकडे शिक्का बसायला तेवढं पुरतं.

आम्ही दोघं एकाच कंपनीत. कॅमेऱ्याचा सर्किट बोर्ड मी आखते, त्यावरच्या चिपचा प्रोग्राम तो लिहितो. चिपमधून चित्राची माहिती निघते आणि तिच्या जोडीने 'आता वाच' असं सांगणारा क्लॉक. दोन्ही एकदम पोचली, तर माहिती अजून बदलत असते आणि पलीकडची चिप भलतंच वाचते. म्हणून क्लॉकला मुद्दाम दोन नॅनोसेकंद मागे ठेवायचं. ते दादाचं काम, प्रोग्राममधली एक ओळ. मागच्या बोर्डाच्या वेळी ती राहिली आणि ग्राहकांसमोर पडदाभर नुसत्या मुंग्या! आमच्या वरिष्ठ मॅडमनी सगळ्यांदेखत सुनावलं, "पुन्हा असं झालं, तर तुम्ही चिपला हात लावायचा नाही." दादाला चिपशिवाय दुसरं काही सुचत नाही. त्या दिवशी तो डबा तसाच घरी घेऊन आला. मला भडभडून आलं.

म्हणून या खेपेला मी अतिशहाणपणा केला. बोर्डाच्या आतल्या थरात क्लॉकची तांब्याची रेघ वळणं देत चांगली फूटभर लांबवली. वाट लांब, म्हणजे तेवढाच उशीर. दादा विसरला तरी बोर्ड चालेल! त्याला मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तोंड फुगलं असतं.

आज ग्राहक चारला यायचे होते. तीनला बोर्ड सुरू केला, तर पुन्हा मुंग्या. दादाचा चेहरा पांढराफटक पडला.

"ओळ लिहिलीय मी," तो पुटपुटला. "तीनदा तपासलीय."

मी मनात बेरीज केली. त्याचे दोन, माझे दोन. क्लॉक 'आता वाच' म्हणेपर्यंत ती माहिती निघून जाऊन पुढची येऊ लागलेली.

मॅडम मागेच उभ्या होत्या. "म्हणजे पुन्हा चिपच ना?"

गप्प बसणं सोपं होतं. दादाने ओळ काढली असती, चित्र आलं असतं आणि चूक त्याच्या नावावर गेली असती.

"चिप नाही, मॅडम. मी," म्हटलं, आणि सगळं एका दमात ओकून टाकलं.

दादाने ओळ काढली. चित्र लख्ख आलं. मॅडमनी ते डोळे बारीक करून पाहिलं. "चिप तुमच्याकडेच राहील," त्याला म्हणाल्या, माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि निघून गेल्या.

दादा पडद्याकडेच बघत होता. "माझ्यासाठी केलंस, कळतं मला चिंगे. पण ओळ लिहिलीस का, एवढं एकदा विचारायचंस."

"तू चिडला असतास."

"चिडलो असतो. आणि लिहिलीय म्हणून सांगितलं असतं."

माया भरपूर होती माझी, भरवसाच नव्हता. "चुकले रे दादा," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा.