बिडीपुरती विश्रांती

सांगलीच्या हळद-पेठेत सव्वीस वर्षे पोती वाहणाऱ्या जोतीराम हमालाने एका सोमवारी बिडीचा कायमचा त्याग केला. त्याग म्हटला की वैराग्य हवे. ते माधवनगरच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून क्षणार्धात उत्पन्न केले. "बिडी सुटली नाही, तर वर्षभरात पोतं सुटेल," असे त्या म्हणाल्या. ज्याच्या घरची चूल त्याच्या पाठीवर पेटते, त्याला याहून अधिक उपदेश लागत नाही. उरलेले बंडल जोतीरामने दवाखान्यासमोरच्या गटारीस अर्पण केले. त्याची पत्नी हरणाबाई हिने त्या आनंदात देवापुढे साखर ठेवली.

परंतु हमालांच्या टोळीत एक पुरातन दंडक होता. दर दोन तासांनी मुकादम भाऊसो "बिडी मारा रं" अशी आज्ञा करी, मग सारे गडी गोदामाबाहेरच्या ओट्यावर बसत, आणि बिडी विझली की उठत. विश्रांतीचे मापच बिडी होते. बिडी न ओढणाऱ्याने काय करावे, याचा विचार कोणी केलेला नव्हता. कारण असला प्राणी त्या ओट्यावर आजवर निपजलाच नव्हता.

जोतीराम सवयीने ओट्यावर टेकला. त्याचा जोडीदार ज्ञानू याने बिडी पुढे केली.

"नगं. सोडली मी."

ओट्यावर शोककळा पसरली.

"डाक्टरीन म्हनली, छाती खराब हाय," जोतीरामने खुलासा केला.

"माझा चुलता जल्मात बिडीला शिवला न्हाई गड्या," ज्ञानूने शास्त्रीय पुरावा सादर केला. "तरनाताठा गेला."

"कशानं?"

"एस्टीखाली."

सर्वांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

भाऊसो मात्र न्यायी पुरुष होता. "सोडलीस, लय ब्येस केलंस. मग बसलायस कशाला? ही बिडीची सुट्टी हाय. तवर ती दारातली पोती आत वढ."

"आवं मुकादम, मी बी मानूसच हाय की!"

"व्हय, पर बिनबिडीचा."

हशा पिकला. जोतीराम उठला. ज्या पोत्याला दोघांचे हात लागत, ते तो एकटा ओढू लागला, आणि ओट्यावरची मंडळी त्याच्या निर्व्यसनीपणाचे तोंड भरून कौतुक करीत धूर सोडू लागली.

गुरुवारपर्यंत त्याची छाती शिट्टी वाजवू लागली. बिडी ओढत असताना ती इतकी वाजली नव्हती.

"आवं, पानी प्यायला म्हनून बसा की," हरणाबाईने सुचविले.

शुक्रवारी तो तांब्या घेऊन बसला. "पानी हुभ्यानं बी जातंय नरड्याखाली," असा निवाडा भाऊसोने तत्काळ दिला.

शनिवारी साताऱ्याकडून भरलेला ट्रक आला. निम्मा माल उतरला तेव्हा जोतीरामच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "बिडी मारा रं" हे शब्द कानी पडताच त्याने ज्ञानूपुढे हात केला, बिडी घेतली आणि न पेटविताच ओठांत धरून तो बसला. त्याने चार श्वास घेतले. पाठ भिंतीला टेकली. छातीतली शिट्टी मंदावली. आठवडाभरात इतके सुख त्याला लाभले नव्हते.

परंतु सज्जनांच्या संगतीत मनुष्याला एकटे कोण सोडतो? ज्ञानूने आपली बिडी शिलगावली आणि तीच काडी ओंजळीत राखून जोतीरामच्या तोंडाशी आणली. जोतीरामने मान फिरविली.

"वढ की रं, बोट पोळतंय माझं!"

भाऊसोचे लक्ष तिकडे गेले. "का रं जोत्या, कोरडीच चोखतुयास व्हय? मग ऊठ."

जोतीरामने ट्रकाकडे पाहिले. अद्याप शंभरावर पोती बाकी होती. आपल्या फुप्फुसांना थोडा विसावा मिळावा, या एकमेव हेतूने तो काडीकडे वाकला आणि त्याने धूर खोलवर आत ओढला.

"आता कसं!" असे म्हणून भाऊसोने मोठ्या मायेने सरकून त्याला ऐसपैस जागा करून दिली.