एक तास वीस मिनिटे

मी एक जुनी, खिशात मावणारी डायरी आहे. मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. बेअरिंग विकणाऱ्या एका कंपनीने नववर्षाला मला फुकट वाटले आणि मी पंप दुरुस्त करणाऱ्या मालकाच्या खिशात येऊन पडले. वर्ष सरले की डायऱ्या रद्दीत जातात. मी वाचले ती शेवटच्या पानामुळे. त्यावर शहरांमधली अंतरे आणि विमानाला लागणारा वेळ छापला आहे.

मालकाची धाकटी बहीण दूरच्या शहरात शिकवते. कोणी "किती लांब हो?" म्हटले, की मालक ग्रीस लागलेल्या बोटाने माझे पान उघडायचा. "नऊशे चाळीस किलोमीटर. विमानानं एक तास वीस मिनिटं. मनात असेल तर काय अवघड आहे?" माणसे माना डोलवायची आणि मी फुगून जायची. खोटे कशाला बोलू?

खरे दुखणे वेगळेच होते. आठ वर्षे आईचे सगळे मालकाने केले, औषधपाण्यापासून अंग पुसण्यापर्यंत, आणि आईच्या तोंडी नाव मात्र धाकटीचे. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते असे.

मग आईला दवाखान्यात हलवावे लागले. डॉक्टरांनी मालकाला बाजूला घेतले. "आजचाच दिवस आहे. कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." धाकटीचा फोन आला, "दादा, साडेअकराच्या विमानात जागा मिळाली. आईला सांग, निघालेय."

मालकाने मला उघडले. "एकच्या आत उतरेल," त्याने आईला सांगितले. आई घड्याळाकडे बघत पडून राहिली.

दोन वाजता तिने विचारले, "उतरली का रे?"

"केव्हाच."

"मग?"

धाकटीचा फोन बंद लागत होता. सलाईन बदलता बदलता नर्स म्हणाली, "फोन बंद आहे म्हणजे विमानातच असतील अजून. होतो हो उशीर." मालकाने माझ्या पानावर बोट आपटले. "इथं छापलंय. एक तास वीस मिनिटं." मग तो आईच्या कानाशी वाकला. "यायचं असतं तर आली असती."

मित्रांनो, नर्सचे म्हणणे त्याला पटले होते. मी त्याच्या हातात होते, त्याने मला घाईघाईने मिटले. पण आठ वर्षांचे उट्टे काढायला पुन्हा संधी मिळणार नव्हती.

"असू दे," आई म्हणाली. "मी गेल्यावर तिच्यासाठी कोणाला थांबवू नकोस." ती भिंतीकडे वळली. साडेतीनला गेली.

धाकटी साडेचारला पोचली, खांद्यावरची पिशवी तशीच. बराच वेळ आईचा हात धरून बसली. मग म्हणाली, "आईनं माझी आठवण काढली?"

"काढली. मी यात बघून सांगितलं, तू केव्हाच उतरलीस म्हणून."

"दादा, विमान पावणेतीन तास जागचं हललंच नाही. दारं लावून, फोन बंद करायला लावून आत बसवून ठेवलं होतं." तिने आईच्या अंगावरची चादर सारखी केली. "मग आई काय म्हणाली?"

मालकाने तेही सांगितले. एक शब्द गाळला नाही.

माझा आकडा चुकलेला नाही. मालक आजही तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. धाकटी पुन्हा त्या घरी आली नाही.

जुन्या डायऱ्या जपा, त्यांना ओल लागू देऊ नका, हे मी सांगणारच. पण कोणी अंथरुणावरून दाराकडे बघत असेल, तर मला खिशातच राहू द्या. 'वाटेत आहे' एवढेच सांगा. ती वाटेतच होती.