बंद खोलीतला डबेराव

मी कोपऱ्यातला डबा बोलतोय. खोक्यावर माझं नाव मोठ्या ऐटीत छापलं होतं, एअर प्युरिफायर म्हणून. पण या घरात पहिल्या दिवसापासून मला डबाच म्हणतात. 'डब्याला पाय लावू नकोस', 'डब्यावर ओला टॉवेल कोणी टाकला', असं दिवसभर चाललेलं असतं. मला तोंड आहे, पण ते फक्त हवा सोडायला. एरवी मी गप्पच असतो, पण आज बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात एक पंखा बसवला आणि पंख्यापुढे घड्याघड्यांची पांढरीशुभ्र जाळी. हवेतली धूळ, धूर सगळं त्या जाळीत अडकायचं आणि चांगली हवा तेवढी बाहेर पडायची, एवढंच माझं काम. कपाळावर एक आकडा उमटतो. हवा घाण असली की आकडा चढतो आणि दिवा लाल होतो, हवा सुधारली की आकडा उतरतो आणि दिवा निळा होतो. जाळी मळू नये म्हणून तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंद केलं होतं. वापरण्याआधी पिशवी काढा, असं पिशवीवर लाल अक्षरांत छापलेलं. आता ती पिशवी झाकणाच्या आत, माझ्या पोटात. वाचायला आधी झाकण उघडायला नको का? पण एवढी अक्कल कोण चालवतो!

बरेच महिने मी एका दुकानाच्या गोदामात पडून होतो. कुणी विचारत नव्हतं. मग थंडी पडली आणि शहरावर धूर येऊन बसला. समोरची इमारत दिसेनाशी झाली, मुलं तोंडाला फडकी बांधून शाळेत जाऊ लागली, आणि माझे दिवस फिरले. एरवी दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला यंत्र उघडून दाखवायचा. पण मी विकला गेलो त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आमच्यातला मी एकटाच शिल्लक होतो.

दोन गिऱ्हाइकांनी माझ्या खोक्याला एकदमच हात घातला. त्यातले एक आमचे साहेब. विमा कचेरीत काम करणारा मवाळ माणूस, कधी रांग मोडणार नाही. पण त्या दिवशी त्यांनी खोकं छातीशी असं धरलं की समोरचा चार पावलं मागे सरला. "घरी म्हातारे वडील आहेत हो," एवढंच ते म्हणाले. दुकानदाराने पैसे मोजता मोजता सांगितलं की प्लग लावायचा, बटण दाबायचं, बाकी काही नाही. आणि तिथेच माझा घात झाला.

घरात चार माणसं. साहेब, त्यांच्या बाई, आठ वर्षांची मुलगी आणि आजोबा. मुलीला सगळे खारू म्हणतात, कारण ती गालात शेंगदाणे भरून बोलते. आजोबांनी उभा जन्म बसस्थानकावर काढला. ध्वनिक्षेपकासमोर बसून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या एका शब्दावर बाकडीच्या बाकडी रिकामी व्हायची म्हणे. गेल्या थंडीत त्यांची छाती भरली, दवाखान्यात नळ्या लागल्या, माणूस हाती लागला हेच नशीब. डॉक्टरांनी साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर यांना झेपायचं नाही. तेव्हापासून साहेबांची झोप उडाली. मी आलो तो त्या भीतीपोटी.

आजोबांच्या खोलीत मला उभा केला आणि बटण दाबलं. सगळे माझ्या कपाळाकडे बघत बसले. आकडा तीनशेच्या वर. थोडा वेळ गेला, तरी आकडा तीनशेच्या वर. अहो, उतरणार कसा? जाळी पिशवीत, पंखा नुसता घुमतोय. नाक दाबून पळायला लावल्यासारखी माझी गत झाली होती. मी जीव तोडून फिरत होतो आणि घरातल्यांना वाटत होतं, केवढं काम करतोय बिचारा.

मग साहेबांनी गुन्हेगार शोधायला घेतला. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लागल्या. दाराखाली ओला टॉवेल आला. तरी आकडा जागचा हलेना, तेव्हा गाडी स्वयंपाकघराकडे वळली. कढईचा धूर आत येतो, असा निकाल लागला आणि कढई माळ्यावर गेली. सगळं घर उकडलेलं खाऊ लागलं. खारूने चार दिवस तोंड वेंगाडलं. बाईंनी केर काढला तरी बोलणी, पावडर लावली तरी बोलणी. आजोबांवर तर सरळ आळ आला, की तुम्ही कोणी नसताना खिडकी उघडता. आजोबा म्हणाले, उघडली नाही. साहेब म्हणाले, मग आकडा काय खोटं बोलतो? बापलेक दोन दिवस अबोला धरून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि चोर माझ्याच पोटात होता. मला इतकी लाज वाटायची, पण सांगणार कोणाला!

शेवटी सुटका बाईंनी केली. धूळ पुसताना त्यांच्या हाताला झाकणाची खाच लागली, झाकण निघालं आणि आत चकचकीत पिशवी. बाईंनी तिच्यावरची लाल अक्षरं वाचली. मग पिशवी काढून त्यांनी जेवणाच्या टेबलावर, साहेबांच्या ताटाच्या जागी नीट पसरून ठेवली आणि माळ्यावरची कढई उतरवली. साहेब कामावरून आले, त्यांनी पिशवी वाचली आणि कान लाल झाले. बाई एवढंच म्हणाल्या, "आज तुझ्यापुरतं उकडू का?" आजोबा इतके हसले की खोकला लागला. साहेबांनी वडिलांची माफी मागितली, बायकोची मागितली, आणि सगळ्यांनी तळलेलं खाल्लं. त्या दिवसाइतकं हसणं मी या घरात पुन्हा ऐकलं नाही.

मी मोकळा श्वास घेतला आणि आकडा भराभरा उतरला. दोनशे, शंभर, चाळीस, बारा. दिवा निळा झाला. साहेबांचे डोळे भरून आले. मला वाटलं, पांग फेडले आपण. कसले पांग आणि कसलं काय! आगीतून निघालो तो फुफाट्यात पडलो.

कारण आता साहेबांना त्या बाराची चटक लागली. दार उघडलं की आकडा वीसवर जायचा, कुणी आत आलं की पन्नासवर. म्हणून दार लावून घ्यायचा नियम झाला. चहाचा कप आत सरकवायचा आणि दार लावायचं. ताट आत ठेवायचं, दार लावायचं. खारू शाळेतून आली की तिच्या कपड्यांवर रस्त्याची सगळी धूळ असायची, तिने उंबरा ओलांडला की माझा दिवा थेट लाल. मग तिला खोलीत यायची बंदी झाली. ती दाराबाहेर बसून आजोबांशी बोलू लागली. पण दाराखाली टॉवेल, तिचा अर्धा शब्द त्यातच जिरायचा.

आजोबांनी सुरुवातीला थट्टेवारी नेलं. मला ते डबेराव म्हणायचे. सकाळी उठले की माझ्यासमोर बसून गाड्या पुकारायचे, अमुक ठिकाणची गाडी फलाट तीनवर लागलेली आहे, प्रवाशांनी गर्दी करू नये. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "डबेराव, प्रवासी तेवढा तू एकटाच." मला भरून यायचं. मी पंखा जोरात फिरवायचो, तेवढंच माझं उत्तर.

हळूहळू गाड्या बंद झाल्या. मग बोलणंही बंद झालं. ते पलंगावर बसून दाराकडे बघत राहायचे. ताट अर्धं परत जायचं. बाईंनी दोनदा विषय काढला की बाबा फार गप्प झालेत. साहेब म्हणाले, डॉक्टरांनी छाती एकदम स्वच्छ सांगितली आहे, आणखी काय हवं? खरं होतं. छाती स्वच्छच होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं साहेबांचं झालं होतं. वाईट माणूस नव्हे हो. बापावर जीव होता म्हणूनच दार लावत होता. याचाच मला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. कोणावर चिडावं तेच कळायचं नाही.

त्यात माझा आकडा त्यांच्या मोबाईलवरही दिसू लागला. कचेरीत बसून ते दर थोड्या वेळाने बघायचे, बारा, तेरा, बारा, की निर्धास्त. घरी आले की दारातून डोकावायचे, माझं कपाळ वाचायचे आणि "छान आहे" म्हणून जायचे. ते छान मला उद्देशून होतं. पलंगावरच्या आजोबांना वाटायचं, आपल्याला म्हणाला. ते मान हलवायचे.

आज दुपारी खारूने बाहेरून हाक मारली. शाळेत तिला दोन ओळी पाठ म्हणायच्या होत्या आणि आवाज मोठा कसा काढायचा ते तिला आजोबांकडून हवं होतं. आजोबा उठले, दाराशी गेले, सांगायला तोंड उघडलं आणि नुसती घरघर निघाली. इतके दिवस न वापरलेला गळा तो. त्यांनी पुन्हा बोलून बघितलं. पुन्हा तेच. बाहेरून खारू म्हणत होती, आजोबा, ऐकू येत नाही. ज्या माणसाने उभ्या स्थानकाला ऐकवलं, त्याचा आवाज एका फळीपलीकडच्या नातीला ऐकू जात नव्हता. ते मागे वळले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझा प्लग उपटला. मग पायाने टॉवेल बाजूला केला आणि दार उघडलं.

मी बंद होतो तरी जागा होतो. मोबाईलवरचा आकडा गेला तसे साहेब कचेरीतून धावत आले. चार जिने चढून दम लागलेला, चेहरा पांढराफटक. वडील काही बरंवाईट करून बसले, अशीच त्यांची समजूत. बघतात तर आजोबा दाराच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेले, खारू त्यांच्या गुडघ्याला टेकून मोठ्याने म्हणतेय, आणि आजोबा मधूनमधून खोकताहेत.

साहेबांचा भीतीने तोल गेला. ते ओरडले. "मी काय काय करतोय तुमच्यासाठी, आणि तुम्ही असे वागता, एवढा चांगला आकडा होता, तो घालवलात."

आजोबांनी खोकला आवरला. आवाज अजून फुटत नव्हता, पण शब्द स्पष्ट होते. "त्या आकड्याला विचार, मी इतके दिवस कोणाशी बोललो ते."

खारू आजोबांची बाही धरून उभी राहिली.

"मला आत ठेवायचं तर ठेव," आजोबा म्हणाले. "नाही म्हणत नाही मी. मलाही मरायची हौस नाही. पण एकट्याला ठेवू नकोस रे."

ओरडणं ऐकून आलेल्या बाईंनी पुढे होऊन माझा प्लग लावला. मी चालू झालो, आकडा दोनशेच्या घरात, दिवा लालबुंद. आजोबा उठले, खुर्ची बाजूला सारून पलंगावर जाऊन बसले. कोणी सांगितलं नव्हतं, सवयीने गेले. आता साहेब दाराची मूठ धरून उभे आहेत. बाहेर बाई आणि खारू, आत आजोबा आणि मी. दार अर्धं उघडं आहे. मूठ ओढायची की सोडायची, ते त्यांना ठरत नाहीये. ते माझ्या कपाळाकडे बघताहेत.

साहेब, माझ्याकडे काय बघता? मला विचाराल तर सांगतो. माझी जाळी आता काळी पडत चालली आहे, आणखी काही महिने चालेन, मग मलाही माळ्यावर टाकाल. त्याचं मला काही वाटत नाही. पण रिकाम्या खोलीची हवा गाळून गाळून मी थकलो. त्या दुकानात तुम्ही मला छातीशी धरलंत ते वडिलांसाठी, माझ्या निळ्या दिव्यासाठी नव्हे. या आत. बाईंना आणा, पोरीला तिच्या धुळीच्या कपड्यांसकट आणा, दार लावून सगळे आतच बसा आणि पोटभर बोला. आकडा चढेल. चढला तर चढू द्या. तो उतरवायला मी आहे ना.