गच्चीवरच्या उशा

"या घरातल्या उशांना पाय फुटलेत का गं?" आत्या कमरेवर हात ठेवून विचारत होती. भाऊ गेल्यापासून ती इथेच राहायला आली होती, आणि दुःख आवरायचं तर आधी घर आवरावं, असा तिचा खाक्या होता.

भिंगरीची आई शाळेतून नुकतीच आली होती. वरच्या वर्गांना ती भौतिकशास्त्र शिकवायची. बोटांना खडू अजून तसाच होता. शोधत शोधत ती गच्चीवर गेली आणि दारातच थबकली. घरातल्या झाडून साऱ्या उशा पाण्याच्या टाकीशेजारी मांडलेल्या, त्यावर बाबांची चौकड्यांची चादर, आणि गुडघ्यांवर बसून चादरीच्या सुरकुत्या काढणारी भिंगरी.

"हा काय पसारा मांडलायस?"

"पसारा नाहीये काही! बाबांना लागू नये म्हणून."

"बाबांना? कशाने लागेल?"

"पडल्यावर! तूच तर सांगितलंस."



बाबा गेले त्या दिवशी आत्याने पोरीला पोटाशी धरून म्हटलं होतं, "बाबा वर गेले, राणी." पोरीने ते जपून ठेवलं. मग एका संध्याकाळी खिडकीतून चंद्राकडे बघत तिने विचारलं, "वर गेलेलं खाली का नाही पडत?" झालं, आईतली मास्तरीण जागी झाली. कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिला उत्तर येणारा प्रश्न विचारला होता.

"चंद्र पडतच असतो गं. पृथ्वी त्याला ओढते ना! पण तो आडवा इतका जोरात पळतो, की पडता पडता तिला चुकवून पुढे जातो. म्हणून गोल गोल फिरत राहतो."

"आणि दमला तर?"

"चंद्र नाही दमत. पण आपण सोडलेले उपग्रह असतात ना, कमी उंचीवर फिरणारे, त्यांना थोडी थोडी हवा अडवते. मग ते खाली खाली येतात."

पोर समाधानाने झोपली. आईलाही त्या रात्री जरा डोळा लागला. प्रश्न चंद्राचा नव्हताच, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

"बाबा तर आजारी होते," भिंगरी आता समजावून सांगत होती. "त्यांना चंद्राएवढं नाही पळता येणार. म्हणजे लवकर येतील. हो ना?"

मागे जिन्यात आत्या येऊन उभी होती. "हो म्हण गं," ती हलकेच म्हणाली. "लेकराचं मन कशाला मोडतेस? विसरेल चार दिवसांत."

"विसरणार नाही, वन्सं. वाट बघत बसेल."

आई चादरीच्या कडेला बसली.

"बाबा वर गेले नाहीत, भिंगरी. त्यांचा श्वास थांबला. ते मेले. ते कुठे फिरत नाहीत, आणि पडणारही नाहीत. ते आता येणार नाहीत."

"पृथ्वीने ओढलं तरी?"

"तरी."

"तू ओढलंस तरी?"

आईने नकारार्थी मान हलवली.

आणि जिला चादरीवरची एक सुरकुती खपत नसे, ती आत्या चपलांसकट त्या उशांवर मटकन बसली आणि तोंड झाकून हमसाहमशी रडू लागली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच.

भिंगरी सरकत तिच्याजवळ गेली. "आत्या, लागलं तुला?"

"हो गं," आत्या म्हणाली. "फार लागलं."