मीरासाबनं ढकलत नेलेली गाडी

हंबीररावाच्या दारात मोटरसायकल उभी होती आणि तिच्याभोवती अर्धी वाडी थुंकत उभी होती. कुणी तंबाखूचं, कुणी पानाचं, कुणी नुसतंच सवयीनं. कळंब्याच्या तलावापासून दोन मैल आत चालत आलेल्या मीरासाब मिस्त्रीनं हत्यारांची पिशवी ठेवायला जागा शोधली, तर हातभर कोरडी जमीन दिसेना. शेवटी त्यानं पिशवी सीटवरच ठेवली आणि मनातल्या मनात सगळ्यांना मिळून एक शिवी हासडली.

गाडी त्याच्या ओळखीची होती. ओळखीची कसली, त्याच्याच हातची. लष्कराच्या लिलावातला गंजका सांगाडा उचलून शाहूपुरीतल्या आपल्या गॅरेजात त्यानं ती तीन महिने खपून नट न् नट उभी केली होती. घेतली त्याचा जुना दोस्त जोतीराम यानं, तीही स्वतःसाठी नव्हे. गेल्या धोंड्याच्या महिन्यात जोतीरामनं जावयाला जेवायला बोलावलं, तर हा हंबीरराव वाढलेल्या ताटावर हात बांधून बसला. मोटरसायकल कबूल करा, मगच घास उचलतो म्हणाला. जावयाचा मान! जोतीरामनं गोठ्यातल्या दोन दुभत्या म्हशी विकल्या आणि गाडी दिली. ती या बहाद्दरानं फिरवली कुठं, तर घरापासून पानाच्या टपरीपर्यंत.

आठ दिवसांपूर्वी गाडी बंद पडली. लगेच निरोप आला, गाडी चालू करून द्या, नाही तर नवी द्या, दोन्ही जमत नसेल तर पोरगी घेऊन जा. आज सकाळी जोतीराम मीरासाबच्या दारात येऊन उभा राहिला. "माझ्या शालूचा संसार तुझ्या हातात हाय गड्या," एवढंच म्हणाला. मीरासाबनं चहाचा कप तसाच ठेवला आणि पिशवी उचलली.

आता तोच जोतीराम जावयासमोर हात जोडून उभा होता, आणि जावई खुर्चीत पाय पसरून काडीनं दात कोरत होता.

"भंगार गळ्यात मारलंसा मामा तुमी," हंबीरराव म्हणाला. काडीवर काय निघालं ते बघितलं आणि परत तोंडात घातली.

"न्हाय हो हंबीरराव. मीरासाबनं हात लावला की चालू हुईल बघा. तेवढं पोरीला नांदू द्या."

मीरासाबला किळस आली. तरुणपणी तालमीत भल्याभल्यांना चीत केलेला हा गडी, आणि एका दात कोरणाऱ्यापुढं असा वाकतो? पण मुलीचा बाप म्हटला की आपल्याकडं माणसाचा कणाच काढून घेतात.

त्यानं कामाला हात घातला. तेवढ्यात वाडीतल्या विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करणारा गुंडू पुढं सरकला. "म्याग्नेट गेलंय मिस्त्री. मी पैल्याच दिशी सांगिटलंय." दुसऱ्यानं पेट्रोलात पाणी आहे म्हणून सांगितलं. तिसरा म्हणाला, गाडीला दृष्ट लागली, लिंबू बांधा. हंबीररावाची आई बायडाबाई सोप्यात बसून सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "देतानाच मेल्याली दिली असंल. पोरगी बी तशीच दिल्या, चार घागरी पाणी वडलं की धाप लागती."

चारचौघं हसले. मीरासाब हसला नाही. त्यानं पेट्रोलचा कॉक सोडून बघितला, पेट्रोल स्वच्छ येत होतं. प्लग काढला, इंजिनाला टेकवून किक मारली, ठिणगी निळी आणि टणक पडली. प्लगच्या भोकावर अंगठा धरला, दाब असा की अंगठा उडाला. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, दाब आहे, मग हिला झालंय काय? प्लग परत बसवून वीस किका मारल्या, त्याचं धोतर घामानं चिकटलं. इंजिन एकदासुद्धा बोललं नाही.

मीरासाब चरकला. पंचवीस वर्षांत त्यानं हात लावलेली गाडी कधी ढकलत गेली नव्हती. शाहूपुरीत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि नसेल त्याला तो स्वतः सांगायचा.

"जरा किक मारतासा का?" त्यानं हंबीररावाला विचारलं. हंबीरराव कुरकुरत उठला. तो किक मारत असताना मीरासाबनं गाडीच्या मागं बसून सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. इंजिन फिरलं की तिथून हवेचा फुंकारा यायलाच पाहिजे. हाताला काहीसुद्धा लागलं नाही. बोळा बसला होता आत.

एवढ्यात बायडाबाईनं पोह्यांची हाक दिली. पोहे म्हटल्यावर वाडी सोप्याकडं वळली. जोतीरामलाही जावयानं ओढून नेलं, म्हणजे आणखी चार शब्द सुनावायला. मीरासाबनं पिशवीतली तार काढली, टोकाला आकडा केला आणि सायलेन्सरात वीतभर सरकवून ओढली. तारेला हिरवट काळा लगदा आला. असा वास सुटला की त्यानं तोंड फिरवलं. ग्रीसमध्ये, उंदीर मेलेल्या टाक्यांत आयुष्य गेलेला माणूस तो, पण धोतराच्या सोग्यानं नाक दाबलं. लगद्यात ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा स्पष्ट दिसत होता. बुरशी आलेली भाकरी, आंबलेल्या आमटीत कालवून, ठासून भरलेली.

"चाचा."

शालू पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. लग्नात बघितलेले तिचे भरलेले गाल कुठं गेले होते कुणास ठाऊक. गळ्याखालची हाडं मोजून घ्यावीत अशी वर आलेली. वाकून तांब्या ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "चालू करू नगासा."

"तू घातलंस ह्ये?"

"रोज गाडी पुसाय मलाच लावत्यात. पुसता पुसता काटकीनं कोंबलं." तिनं सोप्याकडं एकदा बघून घेतलं. "मला वाढत्यात त्ये हाय, चाचा. कुत्र्याम्होरं टाकलं, तर कुत्र्यानं बी हुंगून सोडलं. गाडी चालू झाली तर मी ऱ्हाते हितंच. चालू न्हाय झाली तर घालवून देणार म्हणत्यात."

ती गेली. मीरासाब तार धरून बसून राहिला. सोप्यात पोह्यांच्या बशा वाजत होत्या, बायडाबाई कुणाला तरी आग्रह करत होती, "घ्या की आनी, घरात काय कमी हाय व्हय?"  आकडा आणखी दोनदा घातला असता की काम फत्ते होतं. एका किकेत इंजिन पेटलं असतं आणि वाडीनं तोंडात बोटं घातली असती. त्यानं तार धोतराला पुसली, लगदा मातीत दाबला आणि बाकीचा बोळा होता तिथंच ठेवून उभा राहिला.

"इंजिन गेलं," तो मोठ्यानं म्हणाला. "आता ही गाडी चालू हुईत न्हाय."

पोह्यांचा घास घेतलेली तोंडं थांबली. जोतीराम धावत आला. "आसं कसं? तूच बांधल्यास की ही!"

"व्हय, मीच बांधलो. माझं कामच खोटं निघालं." खोटं बोलायला मीरासाबला कधी जड गेलं नव्हतं. गिऱ्हाईकाला उद्याचा वायदा तो रोज द्यायचा. पण स्वतःच्या हातच्या धडधाकट इंजिनाला मेलेलं म्हणताना त्याची जीभ टाळ्याला चिकटली. गुंडू पुढं येऊन म्हणाला, "मी म्हटलोच हुतो! शाहूपुरीचं मिस्त्री म्हणं!" आणि गाडीच्या चाकावर थुंकला.

"मग नवी द्या," बायडाबाई सोप्यातूनच ओरडली.

जोतीरामच्या तोंडातून "देतो" बाहेर पडणार, एवढ्यात मीरासाब मध्ये बोलला. "त्यो काय देतोय? म्हशी गेल्या, गोठा मोकळा हाय. नवी गाडी द्यायची ऐपत न्हाय त्याची."

जोतीरामनं त्याची गचांडी धरली. पंचवीस वर्षांचा दोस्त, आणि जावयाच्या अंगणात आपली अब्रू अशी उघड्यावर टाकतो?  मीरासाबनं त्याचे हात सोडवले नाहीत.

"ऐपत न्हाय तर पोरगी न्या!" हंबीरराव खुर्चीतून न उठता म्हणाला. "आन् ह्ये भंगार बी न्या. नवी गाडी दारात लागंल तवाच तिला आणा."

शालूला बोचकं बांधायला वेळच लागला नाही. हाक मारायच्या आधी ते तिच्या काखेत होतं.

मग मीरासाब हँडल धरून आणि जोतीराम मागनं रेटा देत गाडी ढकलू लागले. शालू चार पावलं मागून. वाडीनं वेशीपर्यंत सोबत केली, शिट्ट्या मारत. वेशीपलीकडं जोतीरामच्या तोंडाचा पट्टा सुटला. "तुज्या हातानं माझ्या पोरीचं वाटुळं झालं. परत तोंड दावू नगंस." दोन मैल तो हेच बोलत होता. मीरासाब गाडी ढकलत राहिला. सांगणार होता तो, पण पोरीच्या देखत बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं, तेच त्याला सुचत नव्हतं.

तलावाच्या काठाला त्यानं गाडी स्टँडवर लावली. मागं बसून आकडा घातला आणि ओढला. ढेकळासारखे गोळे रस्त्यावर पडायला लागले. जोतीरामनं नाक धरलं.

"ह्ये काय?"

"ह्यामुळं चालू हुईना."

"म्हंजी तुला तितंच कळालं हुतं?"

"व्हय."

जोतीराम अंगावर धावून आला. शालू दोघांच्या मध्ये उभी राहिली. "त्यास्नी काय बोलू नगासा आबा. मीच कोंबलं त्ये, आन् मीच सांगिटलं चालू करू नगा म्हणून."

"काय कोंबलंस?"

"मला वाढत्यात त्ये."

जोतीराम खाली बसला. त्यानं एक गोळा उचलून फोडला. आत भाकरीचा तुकडा होता, त्यावर हिरवी लव, आमटीत दोन मेलेल्या माश्या. त्यानं तो हातातच धरून ठेवला, टाकायचं त्याला सुचेना.

"मला का न्हाय सांगिटलंस, पोरी?"

"दिवाळीत सांगाय लागलते. तर तुमीच मदी इचारलासा, दोन टायम पोटाला मिळतंय न्हवं? मी व्हय म्हटलं." शालू रस्त्यावर पडलेल्या गोळ्यांकडं बघत होती. "मिळत हुतंच की."

जोतीराम उठून चार पावलं बाजूला गेला आणि बांधाला धरून ओकला. पोटात सकाळपासून काही नव्हतं, सोप्यातल्या पोह्यांनाही त्यानं हात लावला नव्हता, तरी ओकत राहिला. मीरासाबनं तार धुतली, हात धुतले, किक मारली. पहिल्याच किकेला इंजिन पेटलं. उरलेला बोळा धुरासकट रस्त्यावर फेकला गेला आणि गाडी एका लयीत धडधडू लागली.

"चल, बस," मीरासाबनं हाक मारली. "तिघं मावतो की."

जोतीरामनं मागं वळून बघितलं नाही. "तू पोरीला फुडं ने. तिच्या आईला म्हणावं, चूल पेटव, पोरीला गरम वाढ." त्यानं तोंड पुसलं. "मी येतो चालत. तिच्यासंगं बसाय मला तोंड न्हाय."